स्नायू वाढले, पण वेग वाढला का? २४ आठवड्यांच्या स्नायूवाढ कार्यक्रमाचे परीक्षण

मी ४०० आणि ८०० मीटर धावते. वय ३६. धावणे हा माझा व्यवसाय नाही. परंतु ३५ वर्षांवरील गटाच्या स्पर्धांमध्ये मी नियमाने उतरते, आणि शेवटच्या १०० मीटरमध्ये पायांतली ताकद संपून जाते ही माझी जुनी तक्रार आहे. अंगात स्नायू कमी आहेत, ते वाढवले तर शेवटचा टप्पा सुधारेल, असे मला बऱ्याच जणांनी सांगितले होते. म्हणून मी ‘खेळाडूंसाठी स्नायूवाढ’ अशा नावाने विकला जाणारा २४ आठवड्यांचा एक ऑनलाइन प्रशिक्षण कार्यक्रम घेतला, तो एकही आठवडा न चुकवता पूर्ण केला आणि त्यानंतरच्या १२ आठवड्यांत त्यातून जे हाती लागले ते धावण्याच्या कामी लावण्याचा प्रयत्न केला. हे परीक्षण त्या ३६ आठवड्यांच्या नोंदींवर आधारलेले आहे. कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच आखणीचे कार्यक्रम अनेक जण विकतात आणि माझी तक्रार कोणा एका संस्थेपेक्षा त्या आखणीबद्दल आहे.

कार्यक्रमात काय मिळते ते आधी सांगते. आठवड्यातून चार दिवस वजनांचा व्यायाम, त्यातले दोन दिवस पायांचे आणि दोन दिवस वरच्या अंगाचे. बहुतेक व्यायाम ८ ते १२ रेप्सच्या सेटमध्ये (रेप म्हणजे व्यायामाचे एक आवर्तन, सेट म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सचा गट), दर आठवड्याला थोडे वजन किंवा एखादा सेट वाढवत नेणारे. दर रविवारी आपले व्हिडिओ अ‍ॅपवर चढवायचे. प्रशिक्षक ते पाहून सूचना पाठवतात. आहाराचे मार्गदर्शनही त्यातच आहे: रोजच्या गरजेपेक्षा थोडे अधिक उष्मांक, शरीराच्या दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिने आणि दिवसाला ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंना झटपट ऊर्जा मिळायला मदत करणारा पूरक पदार्थ). हे तिन्ही सल्ले योग्य आहेत. प्रथिनांच्या बाबतीत १.६ ग्रॅमच्या आसपास पोहोचल्यावर त्यापुढे ओतत राहण्याने स्नायूवाढीत फारशी भर पडत नाही, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून पुढे आलेले आहे, आणि क्रिएटिन हे खेळाडूंच्या पूरक पदार्थांमध्ये सर्वाधिक अभ्यासले गेलेल्यांपैकी एक आहे. महागडी मिश्रणे गळ्यात मारण्याचा प्रयत्न या लोकांनी एकदाही केला नाही, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

त्याहून मोठे श्रेय व्यायामाची पद्धत सुधारण्याचे. मी यापूर्वी जिममध्ये जाऊन स्क्वॉट, म्हणजे वजन घेऊन बैठका, मारत असे, पण बारबेल (दोन्ही टोकांना वजने लावायचा लोखंडी दांडा, म्हणजे बार) खांद्यावर घेऊन खाली बसताना माझा उजवा गुडघा आत वळत असे आणि टाचा किंचित उचलल्या जात, हे मला कोणी दाखवूनच दिले नव्हते. पहिल्याच रविवारी प्रशिक्षकांनी माझा व्हिडिओ थांबवून, गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंत रेघ ओढून परत पाठवला. खाली लिहिले होते, ‘वजन निम्मे करा, टाचेखाली पातळ प्लेट ठेवा, आणि खाली जाताना तीन आकडे मोजा.’ मी रिकाम्या बारवर आले. तीन आठवडे त्या रिकाम्या बारवर काढले. त्यानंतर बारवरचे वजन चढायला लागले ते २४व्या आठवड्यापर्यंत थांबले नाही. ४५ किलोचा स्क्वॉट ८० किलोवर गेला. दुरून शिकवणाऱ्याकडून इतके बारीक लक्ष मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

पहिल्या आठ आठवड्यांत एक गोष्ट घडली ती समजून घेण्यासारखी आहे. ताकद झपाट्याने वाढत होती, पण वजनकाटा जवळजवळ तिथेच होता आणि मांडीचा घेरही बदललेला नव्हता. नवशिक्याच्या बाबतीत असेच होते. सुरुवातीची ताकद ही प्रामुख्याने मज्जासंस्थेची कमाई असते: मेंदू आणि मज्जारज्जू आहे त्याच स्नायूंमधले अधिक तंतू एकाच वेळी आणि अधिक वेगाने कामाला लावायला शिकतात, विरुद्ध बाजूचे स्नायू अडथळा आणण्याचे कमी करतात, हालचाल बसते. स्नायू जाड होण्याचा वाटा त्यानंतर हळूहळू वाढत जातो. म्हणजे ताकद वाढवण्यासाठी अंगावर मांस चढावेच लागते असे नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. धावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही अत्यंत मोलाची सूट आहे, कारण ही ताकद पाठीवर कोणतेही ओझे न चढवता मिळते. आठव्या आठवड्यात मी ३० मीटर ४.९२ ऐवजी ४.७८ सेकंदांत गेले, आणि वजन फक्त ७०० ग्रॅमने वाढले होते. त्यातही क्रिएटिनमुळे स्नायूंत साठणाऱ्या पाण्याचा भाग होताच.

माझे मत असे आहे की एखाद्या धावपटूच्या हिशेबाने हा कार्यक्रम इथेच वळण घ्यायला हवा होता. तो घेत नाही. नवव्या आठवड्यापासून सेट वाढतात, पायांच्या दिवशी २० ते २२ सेट होतात, आणि अ‍ॅपच्या पहिल्या पानावर एकच आलेख मोठा होऊन दिसू लागतो, तो म्हणजे शरीराच्या वजनाचा. आलेख वर गेला की हिरवा होतो. मी तो हिरवा ठेवण्यासाठी भूक नसताना खाल्लेले आहे.

चौदाव्या आठवड्याच्या सुमारास ट्रॅकवर माझ्याबरोबर धावणारी मैत्रीण म्हणाली, ‘अगं, तू मागून येतेस ते आता लांबूनच ऐकू येतं.’ तिने ते सहज म्हटले, पण माझ्या मनातून ते गेले नाही. पूर्वी माझे पाऊल ट्रॅकवर टपटप पडत असे. आता त्याचा धपधप असा आवाज येत होता. मी मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी टिपणारे चित्रण केले आणि पाऊल जमिनीला टेकल्यापासून सुटेपर्यंतच्या चौकटी मोजल्या. कार्यक्रम सुरू करण्यापूर्वी घेतलेल्या चित्रणात त्याच वेगाला ३८ चौकटी होत्या. आता ४२ होत्या. चार चौकटी म्हणजे सेकंदाचा साठावा भाग; ऐकायला काहीच नाही. पण ८०० मीटरमध्ये माझी साडेचारशेच्या वर पावले पडतात, आणि प्रत्येक पावलामागे इतका वेळ जमिनीवर रेंगाळायचे म्हणजे शर्यतीच्या अखेरीस सात सेकंदांहून अधिक काळ केवळ या जास्तीच्या रेंगाळण्यात गेलेला असतो. हा वेळ जसाच्या तसा घड्याळात उतरतो असे नव्हे, पण पाय जड पडत आहेत याचा तो थेट पुरावा होता.

असे का व्हावे, याचे उत्तर स्नायूंच्या मूलभूत हिशेबात आहे. स्नायूची ताकद त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, तर वजन घनफळाच्या प्रमाणात. त्यामुळे ढोबळ मानाने जितके शरीर मोठे तितकी एकूण ताकद अधिक, पण दर किलोमागची ताकद कमी होत जाण्याकडे कल असतो. वजन उचलण्याच्या स्पर्धांत जड गटातले खेळाडू अधिक वजन उचलतात, पण स्वतःच्या वजनाच्या पटीत पाहिले तर हलक्या गटातले त्यांच्यापुढे असतात, ते याचमुळे. गोळाफेक करणाऱ्याला एकूण ताकद हवी असते. गोळ्याला फेकणाऱ्याच्या वजनाशी देणेघेणे नसते. धावणाऱ्याला मात्र प्रत्येक पावलाला स्वतःचेच शरीर उचलून पुढे फेकायचे असते. त्याच्या बाबतीत वाढलेला प्रत्येक किलो स्नायू आधी स्वतःचे वजन वाहण्याइतके काम करतो, आणि मग काही उरले तरच ते वेगाच्या खाती जमा होते.

दुसरी बाब वेळेची. अतिवेगवान धावपटूचे पाऊल पूर्ण वेगात जमिनीवर साधारण एक दशांश सेकंद टेकते, माझ्यासारखीचे त्याहून थोडे अधिक. स्नायूला आपला कमाल जोर गाठायला याच्या तिपटीच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे स्क्वॉटमध्ये मी हळूहळू रेटून ८० किलो उचलते त्यातला कितीतरी जोर धावताना मला वापरताच येत नाही, कारण तो बाहेर येण्यापूर्वी पाऊल सुटलेले असते. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात असे दिसले की वेगवान आणि सामान्य धावणाऱ्यांमध्ये पाय हवेत पुढे आणण्याच्या वेळेत फारसा फरक नसतो; फरक असतो तो जमिनीवर लावलेल्या जोरात. परंतु हा जोर त्या एवढ्याशा अवधीत लावता आला पाहिजे. कार्यक्रमातली माझी प्रत्येक रेप संथ होती. तीन आकडे मोजत खाली, दोन मोजत वर. स्नायू जाड करण्यासाठी ते ठीकच होते, पण झटक्यात जोर लावण्याचा सराव २४ आठवड्यांत एकदाही आला नाही. एकही उडी नाही.

स्नायू शरीरावर कुठे वाढतो याचाही विचार या आखणीत नाही. नितंब आणि मांडीच्या वरच्या भागात वाढलेला स्नायू धावताना फारसा महाग पडत नाही, कारण तो कमरेच्या सांध्याजवळ असतो. पोटरीत वाढलेला तेवढाच स्नायू महाग पडतो, कारण तो लंबकाच्या टोकाशी असतो आणि प्रत्येक पावलाला पुढे-मागे झुलवावा लागतो. बुटाच्या वजनावरून याची कल्पना येते: प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले तर धावण्याचा ऊर्जाखर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो. असे असताना कार्यक्रमात आठवड्याला पोटरीचे १२ सेट होते. माझ्या पोटरीचा घेर दोन सेंटिमीटरने वाढला आणि प्रशिक्षकांनी त्याबद्दल माझे अभिनंदन केले.

तिसरी आणि ८०० मीटरसाठी सर्वांत महत्त्वाची बाब प्राणवायूची. समजा एखादी ५५ किलोची धावपटू मिनिटाला कमाल ३ लिटर प्राणवायू वापरू शकते. म्हणजे दर किलोमागे सुमारे ५४.५ मिलिलिटर. तिचे वजन ५९ किलो झाले आणि कमाल प्राणवायू तेवढाच राहिला, तर दर किलोमागे ५०.८ उरतात. सुमारे सात टक्क्यांची घट, आणि तीही तिचे हृदय, फुप्फुसे, रक्त यांपैकी काहीही बिघडलेले नसताना. स्नायू वाढला म्हणून प्राणवायूही त्या प्रमाणात वाढत नाही, कारण सरावलेल्या माणसात मर्यादा बहुतांशी हृदय किती रक्त पुरवू शकते याची असते. दूर पल्ल्याच्या शर्यतींत सर्वोच्च पातळीवरचे धावपटू इतके सडपातळ का असतात, याचे हेच कारण.

सायकलिंगमध्ये एकाच माणसाच्या दोन शरीरांतून हे स्पष्ट दिसले आहे. ब्रिटिश सायकलपटू ब्रॅडली विगिन्स यांनी २०१२ साली टूर द फ्रान्स ही अनेक दिवसांची शर्यत जिंकली तेव्हा डोंगर चढायचे होते म्हणून त्यांनी वजन अगदी कमी केलेले होते. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्यांना सपाट ट्रॅकवर चार किलोमीटरची सांघिक शर्यत करायची होती, तेव्हा त्यांनी जाणीवपूर्वक स्नायू आणि वजन पुन्हा वाढवले आणि सुवर्णपदक मिळवले. चढावर दर किलोमागची शक्ती मोजली जाते. सपाटीवर हवेला भेदणारी एकूण शक्ती अधिक मोलाची ठरते. स्नायूवाढ चांगली की वाईट, या प्रश्नाला खेळाचे आणि अंतराचे नाव जोडल्याशिवाय अर्थच येत नाही, आणि ‘खेळाडूंसाठी’ असे नाव लावलेल्या या कार्यक्रमाने माझा खेळ कोणता हे नोंदणीच्या वेळी विचारले, पण त्या उत्तरावरून आखणीत काहीही बदलले नाही. गोळाफेक करणाऱ्या माझ्या एका ओळखीच्या मुलाला तोच तक्ता आला होता. सेट, रेप्स, आठवडे, सगळे तेच.

आता प्रत्यक्ष निकाल. २४ आठवड्यांत माझे वजन ५४.२ किलोवरून ५८.६ किलो झाले. मी सुरुवातीला आणि शेवटी डेक्सा तपासणी (क्ष-किरणांनी शरीरातली चरबी, हाडे आणि बाकीचे वस्तुमान वेगवेगळे मोजणारी) करून घेतली, तिच्यानुसार ३.१ किलो चरबीविरहित वस्तुमान आणि १.३ किलो चरबी वाढली. जागेवरून लांब उडी १.८८ मीटरवरून २.०२ मीटर झाली, ३० मीटर ४.७१ सेकंदांवर आले. ४०० मीटर ६८.४ वरून ६८.१, म्हणजे फरक नसल्यातच जमा. ८०० मीटर २ मिनिटे ३८ सेकंदांवरून २ मिनिटे ४२ सेकंद. पाच किलोमीटर २३ मिनिटे १० सेकंदांवरून २४ मिनिटे ५ सेकंद. अंतर जसे लांबते तसा फायद्याचा तोटा होत जातो, हे या पाच आकड्यांतून जितके स्वच्छ दिसते तितके मी ते दुसरीकडे कुठे पाहिले नाही, आणि हे माझ्याच अंगावर घडल्यामुळे मला त्यातून बरेच शिकायला मिळाले.

डेक्साचा उल्लेख केला म्हणून मोजमापाबद्दल लिहिणे भाग आहे, कारण संस्थेच्या वागण्यातली मला सर्वाधिक खटकलेली गोष्ट इथेच आहे. अ‍ॅपला जोडलेला वजनकाटा शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून स्नायूंचे प्रमाण सांगतो. हा अंदाज शरीरातल्या पाण्यावर अवलंबून असतो. सकाळी आणि संध्याकाळी, पाणी पिण्याआधी आणि नंतर तो वेगळा येतो. शिवाय चरबीविरहित वस्तुमान म्हणजे निव्वळ स्नायू नव्हे. त्यात पाणी असते, स्नायूत साठलेले ग्लायकोजेन (शरीरातला साखरेचा साठा) असते, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर तीन ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवते. क्रिएटिननेही पाणी वाढते. हे सगळे हिशेबात न घेता अ‍ॅपने मला शेवटी ‘४ किलो शुद्ध स्नायू कमावले’ असे प्रमाणपत्र पाठवले. मी डेक्साचा अहवाल जोडून दुरुस्तीची विनंती केली. दोन स्मरणपत्रांनंतर उत्तर आले की त्यांची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. प्रमाणपत्र तसेच राहिले. ज्या संस्थेचे प्रशिक्षक गुडघ्याच्या कोनाबाबत इतके प्रामाणिक आहेत, तिने आकड्याबाबत असे वागावे याचे मला मनापासून वाईट वाटले.

दुखापतीचा एक प्रसंगही नोंदवते. सतराव्या आठवड्यात माझ्या टाचेच्या वरच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागात, सकाळी उठल्यावर ताठरपणा आणि दुखरेपणा जाणवू लागला. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो. कंडरा आपली जडणघडण बदलायला त्याहून बराच अधिक काळ घेते. दर आठवड्याला वजन वाढवत नेणारा तक्ता हा फरक ओळखत नाही, आणि त्यातच मी आठवड्याला तीन दिवस धावतही होते. मी कळवल्यावर पोटरीचे सेट कमी करण्यात आले, ते योग्यच झाले, पण हे मी कळवले म्हणून. विचारणा त्यांच्याकडून यायला हवी होती. रविवारच्या अर्जात वजन, झोप, भूक यांचे रकाने आहेत, दुखण्याचा नाही.

धावणे आणि वजन एकाच वेळी करण्याबाबतही त्यांचे मौन खटकते. रॉबर्ट हिक्सन या संशोधकाचा १९८० मधला प्रयोग या विषयात पायाभूत मानला जातो: दहा आठवडे ताकद आणि दम दोन्हींचा जोरदार सराव एकत्र करणाऱ्या गटाची ताकद सुरुवातीला वाढली, पण पुढे ती थांबली आणि शेवटच्या आठवड्यांत घसरली, दम मात्र वाढत राहिला. त्यानंतरच्या अभ्यासांनी हा परिणाम सरावाच्या प्रमाणावर आणि दोन सत्रांमधल्या अंतरावर अवलंबून असतो हे दाखवले. साधी सूचना पुरेशी होती, की जोराचे धावणे आणि पायांचे वजन यांत काही तासांचे अंतर ठेवा, शक्य तर वेगळ्या दिवशी करा. ती मला माझ्या ट्रॅकवरच्या सरांकडून मिळाली.

सरांचे ऋण इथे मान्य केले पाहिजे, कारण पुढचे १२ आठवडे त्यांनी आखून दिले. त्यांनी माझा तक्ता पाहिला, २०-२२ सेटांवर बोट ठेवले आणि म्हणाले, ‘एवढं कशाला? तुला दमवायचं नाही, तुला झटका शिकवायचाय.’ वजनाचे दिवस चारवरून दोन केले. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलून उभे राहणे) जड, ३ ते ५ रेप्स, दोन सेटच्या मध्ये तीन मिनिटांची विश्रांती, वर येताना जितके जोरात येता येईल तितके. त्यानंतर छोट्या उड्या, एका पायावरचे टप्पे, चढावर ४० मीटरचे वेगाचे धावणे. पोटरीचे वेगळे सेट बंद. आहार वाढीव उष्मांकांवरून नेहमीच्या पातळीवर. या दिशेला आधारही आहे: नॉर्वेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सरावलेल्या धावपटूंनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्ध्या स्क्वॉटचे चार रेप्सचे चार जड सेट केले; त्यांच्या धावण्यातला ऊर्जाखर्च सुमारे पाच टक्क्यांनी कमी झाला आणि शरीराचे वजन वाढले नाही.

माझ्या बाबतीत ३६व्या आठवड्याला वजन ५७.१ किलो होते, म्हणजे बरेचसे कमावलेले टिकले. स्क्वॉट ८५ किलो. पाऊल जमिनीवर असण्याच्या चौकटी ४२ वरून ३६. ४०० मीटर ६६.३ सेकंद, आणि ८०० मीटर २ मिनिटे ३६ सेकंद. पाच किलोमीटर मात्र २३ मिनिटे २० सेकंद, अजूनही जुन्या वेळेच्या मागे. ते तसेच राहील असे मी गृहीत धरले आहे आणि ४०० मीटरच्या दोन सेकंदांपुढे मला त्याचे दुःख नाही. शेवटच्या १०० मीटरमध्ये मला पूर्वी खांदे वर चढलेले, मान ताणलेली आणि पाय मागे राहिलेले जाणवत. आता तिथे पाय उचलले जातात. वरच्या अंगाच्या व्यायामाचाही यात वाटा आहे असे मला वाटते, कारण दमल्यावर हात लयीत चालले की पाय त्यांच्या मागे येतात. २४ आठवड्यांची मेहनत फुकट गेली असे म्हणूनच मी म्हणणार नाही. जाड झालेला स्नायू हा कच्चा माल होता. अधिक तंतू, अधिक छेद, अधिक जोर लावण्याची शक्यता त्याने दिली; ती शक्यता वेगात उतरवण्याचे काम कार्यक्रमाने केले नाही, इतकेच.

स्त्रियांसाठी दोन वाक्ये. वजने उचलली तर शरीर बेढब होईल ही भीती अनेकींना असते आणि माझ्या आईलाही होती. प्रमाणात पाहिले तर स्त्रियांची स्नायूवाढ पुरुषांच्या जवळपासच होते, पण मुळात स्नायू कमी असल्याने एकूण किलो कमी वाढतात, आणि तेही किती कष्टाने वाढतात हे मी २४ आठवडे दर रविवारी पाहिले आहे.

हा कार्यक्रम कोणी घ्यावा? फेकीच्या खेळातल्यांनी, कुस्ती किंवा ज्युदोत वरच्या वजनगटात जायचे ठरवलेल्यांनी, अंगाने फार बारीक असून संपर्काच्या खेळात धडक सोसावी लागणाऱ्यांनी जरूर घ्यावा. एकूण वस्तुमान हेच त्यांच्या कामाचे आहे. आहे त्याच वजनगटात राहायचे असलेल्यांनी घेऊ नये. १०० ते ४०० मीटर धावणाऱ्यांनी पहिले आठ-दहा आठवडे घ्यावे आणि पद्धत शिकून बाहेर पडावे. ८०० मीटर आणि त्यापुढच्यांनी व्हिडिओ तपासणीची सेवा वेगळी मिळत असेल तर फक्त ती घ्यावी; मी आता तेवढीच चालू ठेवली आहे आणि तिच्याबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.

आणि स्पर्धेची तारीख पाहून सुरुवात करावी. वाढलेले वजन अंगवळणी पडायला आणि त्यातून झटका काढायला मला आणखी १२ आठवडे लागले. माझी स्पर्धा ३७व्या आठवड्यात होती म्हणून ते मला मिळाले. ती २५व्या आठवड्यात असती तर आठ महिन्यांतल्या सर्वांत जड पायांनी मी स्टार्टच्या रेषेवर उभी राहिले असते.